मदत हवी आहे : साइडकार काढून बुलेट चालवायची, पण चिमटा (पुढचा फोर्क) बदललेला आहे

नमस्कार मंडळी. माझ्या बुलेटला डावीकडे साइडकार आहे. हँडल जड जात होतं म्हणून पुढे लीडिंग लिंकचा चिमटा (यात चाक पुढे आलेल्या छोट्या दांड्यांवर बसतं) बसवून ट्रेल कमी करून घेतला. ट्रेल म्हणजे हँडलच्या आसाची रेष जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर; ते कमी झालं की हँडल हलकं होतं. दादर टीटीच्या गर्दीत त्याने खरंच सुख झालं. आता साइडकार काढून परळ ते वाशी जा-ये करायचीय. कमी ट्रेलवर सोलो गाडीचं हँडल फडफडू शकतं, त्यात वाशी पुलावर खाडीचा आडवा वारा, याचीच धास्ती आहे. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, तो बदलणारच. कोनसेट (हँडलचे बेअरिंग) नवा आहे.

नुसता स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची फडफड दाबणारा शॉकअब्जॉर्बर) लावून भागेल, की मूळ चिमटा परत चढवावाच लागेल? स्वतः चालवलेल्यांनी प्लीज सांगा. ट्रेल नीट मोजून देणारा मिस्त्री मुंबईत कुणाला माहीत आहे का? मागे बायको बसते, अंदाजावर सोडायचं नाही.