ऑनलाइन शिकलेला करार कायदा गोव्याच्या कागदाला पुरतो का?

फोंडेकरीण :
आधी माझं म्हणणं मांडते, मग भांडायचं तर भांडा. सहा महिने, रात्रीची भांडी आवरून झाली की साडेनऊला लॅपटॉप उघडून मी ऑनलाइन पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या कायदेशीर मदतनिसाचा, कोर्स केला. दिवसा एका कंत्राटदाराच्या ऑफिसात बिलं आणि पत्रव्यवहार बघते. कोर्समधले बाकीचे विषय ठीकठाक होते, पण करार कायद्याने वेड लावलं. वकिली करायची नसली तरी हा एक विषय प्रत्येक गोवेकराने शिकावा आणि तो घरबसल्या शिकता येतो, असं माझं ठाम मत झालंय.

१८७२ चा कायदा म्हटल्यावर वाटलं होतं, आपल्याला काय कळणार. पण त्यात कलमांखाली छोटी छोटी उदाहरणं आहेत. 'अ' पत्र लिहून 'ब'ला घर विकायचा प्रस्ताव देतो. जादूने गुप्तधन शोधून देतो असा करार कुणी केला तर तो रद्दबातल, हेसुद्धा कलम ५६ खाली लिहिलंय! कलम १० तर एका दमात सांगतं की मोकळी संमती, पात्र माणसं, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असला की करार झाला. काही व्यवहारांना दुसरे कायदे कागद मागतात, ते वेगळं. मी मात्र आठ वर्षं "लेखी नाही म्हणजे काहीच नाही" असं धरून पुरवठादारांशी फोनवर ठरलेले दर सोडून देत होते.

ताजी गोष्ट सांगते. भाच्याला पणजीतल्या एका कंपनीने घेतलं आणि बाँड लिहून घेतला. दोन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचे, आणि सोडल्यावर वर्षभर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी कलम २७ काढलं. नोकरीधंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मग कलम ७४. कागदावर आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप मिळत नाही, मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. भाच्याला म्हटलं, घाबरू नकोस.

काळा कोट, मडगांव :
ताई, तुमचं सगळं वाचून आनंद झाला, फक्त शेवटचे दोन शब्द वाचून पोटात गोळा आला. "घाबरू नकोस" हा सल्ला झाला, आणि तो अर्धा चुकलाय.

नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे जायला बंदी, हा भाग टिकणं कठीण, तिथे तुमचं बरोबर. इंग्लंडमध्ये अशी बंदी वाजवी आहे का ते पाहतात, आपल्याकडे कलम २७ तेवढीही फट ठेवत नाही. पण दोन लाखांचं काय? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात नेमकी हीच गोष्ट पाहिली. तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख भरा, अशी अट होती. न्यायालयाने ती उचलून धरली. अट नोकरीच्या काळापुरती आहे, ती नंतर कुणाची वाट अडवत नाही, म्हणून ती कलम २७ मध्ये बसत नाही असं सांगितलं. सरकारी बँकेला माणूस गेला की पुन्हा जाहिरात, पुन्हा परीक्षा असा सगळा खर्च करावा लागतो, तेव्हा रक्कमही अवाजवी ठरवली नाही.

कलम तुम्ही वाचलंत, पण त्यावर दीडशे वर्षं चढत आलेले निकाल कोर्सच्या पन्नास स्लाइडांत मावत नाहीत. आणि १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे वकिली फक्त सनद घेतलेल्याने करायची असते. कॅनडातल्या ऑंटेरिओत २००७ पासून पॅरालीगलला वकिलांसारखाच परवाना देतात, तो लहान दाव्यांच्या कोर्टात उभाही राहतो. आपल्याकडे तसं काही नाही. सर्टिफिकेट भिंतीवर लावा, जरूर लावा.

फोंडेकरीण :
भिंतीवर नाही लावलं, कपाटात आहे. वकीलसाहेब, मी मावशी म्हणून बोलले, फी घेतली नाही. निकाल माहीत नव्हता, हे मात्र कबूल. आत्ता शोधून वाचला. पण तुम्हीच सांगितलेलं कारण बघा ना. बँकेला जाहिरात द्यावी लागते, परीक्षा घ्यावी लागते. भाच्याला तर ओळखीच्याने फोन केला, दुसऱ्या दिवशी तो कामावर. जाहिरात नाही, परीक्षा नाही, चहा पाजून नेमणूक. मग तोच निकाल या कंपनीच्या किती कामाचा? आणि हा प्रश्न मला सहा महिन्यांपूर्वी सुचला असता का?

काळा कोट, मडगांव :
प्रश्न चांगला आहे. पण सहा महिन्यांपूर्वी तुम्ही हा कागद घेऊन थेट वकिलाकडे गेला असतात, हेही विसरू नका. अर्धवट शिकलेला माणूस उशिरा येतो, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त, सब-रजिस्ट्रार कचेरी :
बाय, तुझं कौतुक आहे. माझं भांडण वेगळंच आहे. तुम्ही दोघं नोकरीच्या बाँडवर भांडताय. गोव्यातल्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा करार जमिनीचा किंवा घराचा, आणि तिथे तुमच्या त्या कलम १० ला कोण विचारतो ते मी टेबलामागून बघितलंय.

माणूस मुंबईचा नमुना डाउनलोड करून यायचा. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, साक्षीदार, सगळं नेटकं. मी विचारायचो, विकणाऱ्याच्या बायकोची सही? तर म्हणे, जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, हा बघा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपला गोव्याचा सातबारा. अरे बाबा, उताऱ्यावर एकच नाव असेल, पण पोर्तुगीज सिव्हिल कोड गोव्यात १८७० पासून आहे आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या बाबतीत तो अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे संपत्ती दोघांची. तिच्या संमतीशिवाय तो एकटा घर विकायला निघाला तर करार कायद्याच्या चारही अटी पुऱ्या करूनसुद्धा घेणारा लटकतो. दोघंही सज्ञान, दोघंही शुद्धीवर. फरक एवढाच की त्यातली एक घरी स्वयंपाक करत असते आणि तिला पत्ताच नसतो.

पुढे बापाच्या नावावरची जागा निघते. बाप जाऊन वीस वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झालेली नाही, पाचातला एक भाऊ करार करतो, त्यातही दोन भाऊ दुबईत. मागल्या दारी मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा, त्याचा १९७५ चा कायदा वेगळा. दाव्याच्या मुदतीचा घोळ तर विचारूच नका. मुक्तीनंतर कितीतरी वर्षं वाद चालला होता की मुदत पोर्तुगीज कोडाची लांबलचक धरायची की भारतीय कायद्याची. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने १९६३ चा मुदत कायदाच गोव्याला लागू असं सांगितलं, तेव्हा तो मिटला. त्याआधी मुरलेले वकीलसुद्धा चाचरत बोलायचे. हे कुठल्या ऑनलाइन धड्यात शिकवतात?

घरून काम, पर्वरी :
काकांचं शंभर टक्के पटतं, आणि तरी मी कोर्सच्या बाजूने. मी अमेरिकन अभ्यासक्रमाचा पॅरालीगल कोर्स केला आणि त्यावर मला काम मिळालं. परदेशी कंपन्यांचे पुरवठा करार, भाडेकरार वाचून त्यातल्या मुदती, रकमा, जबाबदाऱ्या तक्त्यात काढायच्या. तिथे इन्व्हेंटरी कोण विचारतो? तिथे विचारतात की हे इंडेम्निटीचं कलम आहे की गॅरंटीचं. पहिल्यात नुकसान भरून द्यायचं वचन आणि दोनच पक्ष, दुसऱ्यात तिसऱ्याने पैसे बुडवले तर मी देईन असं वचन, म्हणजे तीन माणसं आली. आपल्या कायद्यात १२४ आणि १२६.

पण एक इशारा देतो. परदेशी कोर्स करून गोव्यातल्या कागदावर बोलायला जाऊ नका. मी शिकलो की ५०० डॉलर आणि त्यावरच्या मालाचा व्यवहार सहसा लेखी लागतो. ते इथे आजोबांना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर काजूचा व्यवहार तोंडी केला, ते हसत सुटले. मी शिकलो की अल्पवयीन मुलाचा करार तो मुलगा मोडू शकतो. आपल्याकडे १९०३ पासून, मोहरी बीबीच्या खटल्यानंतर, तो मुळातच रद्दबातल, मोडायला काही उरतच नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतही एकच एक कायदा नाही. लुइझियाना राज्याने मालविक्रीचा, बाकीच्या राज्यांनी घेतलेला नमुना कायदा घेतलाच नाही, कारण त्यांच्याकडे फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा सिव्हिल कोड. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मला एकदम म्हापशाचं कोर्ट आठवलं.

आणि हो, पहिलं वाचन आता यंत्र करतं. मला पगार मिळतो तो यंत्राला न दिसलेलं बघायला. "परिशिष्ट ३ प्रमाणे" असं लिहिलेलं असतं, आणि परिशिष्ट ३ जोडलेलंच नसतं.

डिचोलीचा मास्तर :
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. हे सगळे कोर्स इंग्रजीत. आमच्याकडचा मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा असाच कोर्स करत होता. कन्सिडरेशन म्हणजे त्याने शब्दकोशातला पहिला अर्थ घेतला, विचार. वहीत लिहिलं होतं, "विचाराशिवाय केलेला करार रद्द असतो." मी हसलो, मग वाटलं हे काही अगदीच चूक नाही. पण मोबदला हा शब्द त्याला कुणी दिला असता तर तो पाच मिनिटांत समजला असता. घरचा नारळ पाडेल्याकडून उतरवून घेताना तो लहानपणापासून मोबदला बघतोय.

शिवाय चार पर्यायांतून एकावर टिचकी मारून करार शिकता येत नाही. ऑनलाइन परीक्षा अशाच असतात.

फोंडेकरीण :
मास्तर, टिचकीचं अगदी खरं. माझ्या परीक्षेत सगळं तसंच होतं. खरं शिकले ते मी आमच्या घराचा जुना भाडेकरार वहीत हाताने उतरवून काढला तेव्हा. प्रत्येक वाक्यापुढे लिहिलं, कुणी, कुणाला, काय, केव्हापर्यंत, नाही केलं तर काय. दोन वाक्यांना "नाही केलं तर"चं उत्तरच मिळालं नाही. हे कोर्सने शिकवलं नाही, पण करायचं सुचलं ते कोर्समुळे.

काकांना सांगायचं तर, पुढच्या वेळी कुणी घराचा कागद दाखवला तर मी पहिल्यांदा बायकोची सही बघेन. वकीलसाहेब, "घाबरू नकोस" मागे घेते. भाच्याला आता एवढंच विचारलंय की कंपनीने त्याच्या शिक्षणावर नेमका काय खर्च केला, आणि त्याचा कागद आहे का. तो म्हणतो, बारा दिवस एका सहकाऱ्याच्या बाजूला बसवलं, तेच ट्रेनिंग. कागद काही नाही.

काळा कोट, मडगांव :
बारा दिवस आणि दोन लाख. यावर भांडता येईल, जिंकता येईलच असं नाही. ट्रेनिंग काळातल्या पगाराच्या स्लिपा जपून ठेवायला सांगा. राजीनामा वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू देऊ नका. मावशीला दाखवून चालणार नाही.

निवृत्त, सब-रजिस्ट्रार कचेरी :
तो बाँड स्टॅम्प पेपरवर आहे का ते विचारलं का कुणी? स्टॅम्प नसला म्हणून करार मरत नाही, पण पुरेसं मुद्रांक शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. आणि भाच्याला त्याची प्रत दिली होती की नुसती सही घेऊन फाइलीत टाकला?

फोंडेकरीण :
प्रत नाही दिली, काका. स्टॅम्पचं त्याला आठवत नाही. सोमवारी एचआरकडे लेखी मागायला सांगते.