मदत हवी आहे: पवनचक्क्यांच्या हरकतीसाठी नकाशा जुळवून देणारं कुणी आहे का?

बडोदेकर मंडळी, कच्छच्या आखातालगतच्या संरक्षित किनाऱ्यावर पवनचक्क्या नकोत म्हणून हरकत लिहितोय. 2006 च्या पर्यावरण परवानगीच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, म्हणजे जनसुनावणीही नाही; सगळी भिस्त सीआरझी (किनारा नियमन क्षेत्राचे नियम), वनजमीन आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यावर. अडलंय ते नकाशापाशी. किनारा व्यवस्थापनाचा नकाशा 1:25,000 चा, एक मिलिमीटरला 25 मीटर. पेन्सिलीची जाड रेघसुद्धा चक्कीचा पाया हद्दीबाहेर ढकलते! त्यावर सर्वे नंबरांची केएमएल फाइल (जागांच्या हद्दींची डिजिटल नकाशा-फाइल) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अचूक बसवून कोण देईल? नुसते पाये नकोत, क्रेनचा रस्ता आणि तारांची लाइनही हवी. खरी तोड तिथेच होते. वनमंजुरी निघालीच, तर पुण्याच्या हरित लवादाकडे अपिलाला 30 दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60.