अमेरिकन आर्मी डोक्याच्या दुखापती मोजते म्हणजे नेमकं काय मोजते?

टेक्सासची_आई:
मुलगा २३ वर्षांचा, अमेरिकन आर्मीत, मॉर्टरवर (छोट्या तोफेवर) आहे. लढाईवर अजून गेला नाही, सगळं ट्रेनिंगच चालूय. थँक्सगिव्हिंगला घरी आला तर किचनमधला लाइट बंद कर म्हणे, डोळ्यात घुसतो, आणि आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं हे एका संध्याकाळीत दोनदा विचारलं. मी टोकलं तर "फायरिंग झालं की दोन दिवस होतं गं असं, सगळ्यांनाच होतं". मग मी वाचत बसले, २००० पासून ५ लाखांच्या वर सैनिकांना मेंदूची दुखापत म्हणे. एवढे सगळे इराक-अफगाणिस्तानातले? आणि माझा मुलगा त्यात धरलाय का, कसं कळायचं?

थेरपिस्ट_मीनल:
ताई, बहुतेक केसेस लढाईतल्या नाहीतच. ट्रेनिंग, गाडीचे अपघात, पडणं, खेळताना लागणं, यातच जास्त. आणि दहातल्या साधारण आठ माइल्ड, म्हणजे शुद्ध गेलीच तर अर्ध्या तासाच्या आत आली, सीटी स्कॅन नॉर्मल. पण आकडा येतो मेडिकल रेकॉर्डमधून, डॉक्टरने निदान लिहिलं तरच माणूस मोजला जातो. तुमचा मुलगा दवाखान्यात गेलाच नसेल तर तो नाहीये त्यात. २०१० मध्ये नियम आला की लढाईच्या भागात स्फोटापासून ५० मीटरच्या आत असलात तर तपासणी करायचीच, वर २४ तास आराम, तुम्ही कितीही ठणठणीत म्हणा. पण स्वतःच्याच मॉर्टरचे दणके दिवसभर खाल्ले तर तो "स्फोट" कुठे लिहायचा? एक मोठा फटका मोजता येतो, शंभर छोटे निसटतात.

खडूस_नागपूरकर:
मोठा फटका तरी कुठे नीट मोजतात. ८ जानेवारी २०२०, इराणने इराकमधल्या अल असद या अमेरिकन सैनिक असलेल्या तळावर मिसाइलं टाकली, त्याच दिवशी जाहीर काय तर कुणालाच काही झालं नाही. मग मेंदूला दुखापत झालेले ११ झाले, मग ३४, ५०, ६४, असं करत करत शंभराच्या वर गेले! आणि ट्रम्पतात्या म्हणाले की डोकेदुखी होती म्हणून ऐकलंय, फार सिरियस नाही. आता यात सगळंच लपवणं नव्हतं हेही खरं, कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, लक्षणं उशिरा कळतात, पण रक्त दिसलं नाही की जखम नाही हा हिशोब काही जात नाही.

सातारचा_तोफवाला:
मी आपल्या आर्टिलरीत १७ वर्षं काढली. ताई, पोरगं सांगणार नाही. आमच्याकडे फायरिंगनंतर कान वाजायचे, डोकं जड व्हायचं, पण एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, कोण जातंय, मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे पूर्ण फिट नाही असा शेरा बसला, की प्रमोशन अडकलं. चहात साखर जास्त घालून प्यायची आणि झोपायचं, हा आमचा इलाज. त्यामुळं "सगळ्यांनाच होतं" हे तो खरंच बोलतोय, पण म्हणून ते बरं आहे असं नाही.

थेरपिस्ट_मीनल:
काका, अगदी बरोबर. ताई, त्याला एक करायला सांगा, फोनमध्ये तारीख, कुठलं हत्यार, अंदाजे किती राउंड आणि नंतर काय वाटलं एवढं लिहून ठेवायचं. डॉक्टरकडे पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, अशी छोटी टेस्ट असते, पण त्याचा मूळचा स्कोअरच नसेल तर तुलना कशाशी करणार? परदेशात पाठवण्याआधी मूळची टेस्ट घेणं २००८ पासून सुरू झालं, नवीन भरतीलाच ती घ्यायची हे २०२४ मध्ये ठरलं. तुमच्या मुलाची झालीय का तेवढं विचारा. आणि उलटी, धूसर दिसणं, डोकेदुखी वाढत जाणं असं काही असेल तर वाट न बघता लगेच दाखवा.

टेक्सासची_आई:
टेस्टचं त्याला आठवत नाही म्हणे. लिहून ठेव म्हटलं तर आधी हसला, मग म्हणाला की आई मी तीन आठवड्यांपासून लिहितोयच, आणि स्क्रीनशॉट पाठवला. एका तारखेपुढे लिहिलंय, ६० राउंड, कान बंद, रात्री दोनदा उलटी. त्याच रात्री आम्ही अर्धा तास बोललो होतो, पोरगा मला पोह्यांची रेसिपी विचारत होता.