सोसायटी ग्रुप : गाडीच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ए-३०४, रात्री ८:४०
उद्या पहाटे समृद्धीवरून नागपूरला निघतोय. पाच जण आणि डिकी भरून सामान. आत्ता पंपावरच्या मुलाने "किती मारू?" विचारलं, मला सांगता येईना. त्याने चारही टायरना ३५ मारली. टायरवर तर ५१ लिहिलंय. हे म्हणतात उन्हाळा आहे, २८ वर आणू. नक्की किती ठेवायची?

सी-१०२, रात्री ८:४४
ताई, कमीच ठेवा. उन्हात हवा फुगते आणि टायर फुटतो. आम्ही कायम २८ ठेवतो.

बी-२०१ काका, रात्री ८:५२
ताई, हवा अजिबात काढू नका. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, बाजूची भिंत सतत वाकते आणि त्यानेच तो आतून तापतो. १२० च्या वेगाने तासन् तास असं चाललं की टायर फुटतो. समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीट रस्ता म्हणजे टायरला उसंतच नाही.
५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीचा आकडा नव्हे. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असेल. तिथे नसला तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा.

ए-३०४, रात्री ९:०५
सापडला! आठ वर्षं गाडी वापरतोय, कधी बघितला नव्हता. कमी माणसांना पुढे-मागे ३२. पूर्ण भरलेल्या गाडीला पुढे ३२, मागे ३६.

बी-२०१ काका, रात्री ९:०८
मग उद्या पुढे ३२, मागे ३६. पण हा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायचा. तुम्ही पंपापर्यंत गाडी चालवत गेलात, टायर तापले होते, म्हणून ती ३५ खरी नाही. वाटेत गेजवर ४ पॉइंट जास्त दिसले तरी घाबरू नका आणि हवा सोडू नका. ती वाढ कंपनीने धरलेलीच असते.

डी-४०३, रात्री ९:१५
काका, नायट्रोजन भरला तर?

बी-२०१ काका, रात्री ९:१७
भरा हवं तर, पण आकडा तोच राहतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.
ताई, स्टेपनीही बघायची आहे. आणि टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचून ठेवा. २३१९ असेल तर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला टायर. मी पहाटे ४:३० ला गेज आणि कॉम्प्रेसर घेऊन खाली येतो.

ए-३०४, रात्री ९:१९
काका, एवढ्या पहाटे कशाला त्रास?

बी-२०१ काका, रात्री ९:२०
लेकरं आहेत गाडीत. येतो.

ए-३०४, पहाटे ५:०५
तीन टायर ३१ निघाले, मागचा डावा २७! काकांनी वॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. पिन सैल होती, ती घट्ट केली. पुढे ३२, मागे ३६ करून निघालो. स्टेपनीत १८ होती, तीही भरली. काका, मनापासून आभार.

सी-१०२, सकाळी ७:१०
आत्ताच आमचा स्टिकर बघितला, ३३ आहे. काका, कॉम्प्रेसर अर्धा तास मिळेल का?

बी-२०१ काका, सकाळी ७:१२
गाडी हलवू नका, मीच येतो.