‘कोंबडी बदकाशी बोलते’: कँटोनीजमधले बोलण्यावरचे वाक्प्रचार

प्रश्न: हाँगकाँगच्या कँटोनीज (तिथली चिनी भाषा) मालिकांत ‘कै थुङ आप कॉङ’ वारंवार कानावर पडतं. ‘गाढवापुढे वाचली गीता’ म्हटलं तर चालेल?

उत्तर: नाही चालणार. शब्दशः अर्थ ‘कोंबडी बदकाशी बोलते’. दोघंही आपापल्या जागी शहाणी, फक्त भाषा किंवा विषय जुळत नाही. गाढव-गीतेत ऐकणाऱ्याची अक्कल निघते, आणि त्यासाठी कँटोनीजमध्ये वेगळी म्हण आहे: ‘ङौ फेइ तङ लुङ’, गुराच्या कातड्याचा कंदील. कागदातून उजेड झिरपतो, जाड कातड्यातून नाही. म्हण दोन तुकड्यांची. पहिला बोलून थांबायचं, दुसरा समोरच्याने मनात पुरा करायचा: ‘तिम कीक तोउ म मिङ’, कितीही पेटवा, उजळत नाही. ‘तिम’ म्हणजे पेटवणं, तसंच दाखवून समजावणं. ‘मिङ’ म्हणजे उजळ, तसंच उमगणं. आपल्याकडे डोक्यात उजेड पडतोच, त्यामुळे मराठीत अर्धा श्लेष तरी वाचतो. तोंडावर मात्र म्हणू नये.

बोलणाराच पुटपुटत असेल तर ‘क्वै सिक नै’, भूत चिखल खातंय. हा शेरा फक्त अस्पष्ट उच्चारावर. मुद्दाच भरकटला असेल तर ‘कौ म ताप पात’, नवाचा आठाशी मेळ नाही.

पुरवणी: ‘सेइ कै छाङ फान कॉय’ राहिलं. मेलेली कोंबडी भाताच्या भांड्याचं झाकण रेटते! चूक उघडी पडूनही हेका न सोडणारा. आपलं ‘पडलं तरी नाक वर’.

प्रश्न: ‘छॉय सॉय’ म्हणजे थापा ना?

उत्तर: शब्दशः ‘पाणी फुंकणं’. मित्र जमून करतात तेव्हा नुसत्या गप्पा. एखाद्याला उद्देशून म्हटलं तर फेकाफेक. वापरताना हा शब्द फुटतो, क्रिया झाल्याचं दाखवणारा ‘चो’ मधे बसतो: ‘छॉय चो सेङ मान सॉय’, रात्रभर गप्पा झाल्या. ‘चो’ शेवटी लावलात की नवखेपणा लगेच कळतो.

उच्चाराबद्दल: रोमन लेखनात शब्दाच्या सुरुवातीचे जी, डी, बी म्हणजे आपले क, त, प; आणि के, टी, पी म्हणजे ख, थ, फ. इतपत देवनागरी उपयोगी पडते, पण सहा सूर (अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) तिच्यात मावत नाहीत, ते ऐकूनच घ्यावेत.

आणि एक, बाईला उद्देशून नुसतं ‘कै’ (कोंबडी) म्हणणं ही वेश्या या अर्थाची शिवी आहे. बदकाच्या म्हणीत तो वास येत नाही.