‘रिकव्हर्ड मेमरी’ला मराठीत काय म्हणावं?

(बोलणाऱ्यांना सोलापुरातल्या ठिकाणांची नावं दिली आहेत.)

पार्क चौक: समुपदेशन केंद्राच्या पत्रकात ‘रिकव्हर्ड मेमरी’ला (लहानपणीचा अत्याचार वगैरे बऱ्याच वर्षांनी आठवणं) ‘पुनःप्राप्त स्मृती’ आणि ‘फॉल्स मेमरी’ला (न घडलेलं घडल्यासारखं आठवणं) ‘खोटी स्मृती’ छापायचं घाटतंय. पत्रक सोलापुरात वाटणार, घरी तेलुगू-कानडी बोलणारेही वाचणार. चालेल?

होटगी रोड: दोन्ही नकोत. ‘पुनःप्राप्त’ म्हटलं की वस्तू होती, हरवली, सापडली, हे आधीच कबूल झालं. वाद तर तिथंच आहे: आठवण हरवून सापडली, की नंतर मनात तयार झाली? आणि ‘खोटी’ म्हटलं की बाई खोटं बोलते असा वास येतो. ती खोटं बोलत नसते, तिला मनापासून तसंच आठवत असतं. पहिल्याला ‘उशिरा आलेली आठवण’ करा, दुसऱ्याला ‘न घडलेल्याची आठवण’. लांब आहे, पण कुणावर आळ नाही.

सात रस्ता: ‘रिप्रेस्ड’ला (मनानं नकळत आत ढकललेली आठवण) मग ‘दडपलेली’?

होटगी रोड: दडपायला दडपणारा लागतो. आपल्याकडे प्रकरणं दडपतात, तीही जाणूनबुजून. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या दमनात (रिप्रेशन) माणसाला आपण काही दाबतोय याचा पत्ताच नसतो. ‘दबलेली’ त्यातल्या त्यात बरं, पण तेही एका सिद्धान्ताचं नाव म्हणून. विषय टाळणं, कुणाला न सांगणं आणि खरोखर विसर पडणं या तीन वेगळ्या गोष्टी. संशोधक लिंडा मायर विल्यम्स यांचा १९९४ चा अभ्यास घ्या. १२९ बायका, लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराची प्रत्येकीची दवाखान्यात नोंद. सुमारे १७ वर्षांनी विचारलं तेव्हा ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितली नाही. ‘सांगितली नाही’ हे क्रियापद जपा. पुढं कुणीतरी त्याचं ‘विसरल्या’ करतं. काही जणी तेव्हा इतक्या तान्ह्या होत्या की त्या वयातलं कुणालाच आठवत नाही. पण नोंद होती, म्हणून ‘आठवत नाही म्हणजे झालंच नाही’ हेही तितकंच चूक.

कन्ना चौक: ‘आलेली आठवण’ला माझी हरकत आहे. आईची ‘आठवण येते’, माहेरची येते. त्यात ओढ असते. अत्याचाराबद्दल ‘आठवण येते का?’ असं विचारलं तर समोरची दुखावेल. ‘आठवतं का?’ एवढंच विचारावं.

खरी मेख क्रियापदात आहे. ‘मी खूप आठवलं, पण आठवेना.’ यातलं पहिलं आठवणं ‘मी’ करतो, दुसरं ‘मला’ होतं. आठवलं, आठवून सांगितलं, आठवण करून दिली: पहिलं आपसूक, दुसऱ्यात खटपट, तिसऱ्यात दुसरा माणूस. कागदावर मात्र तिन्हींचं ‘आठवते’ होऊन बसतं.

त्याहून मोलाचा आपला ‘म्हणे’. ‘मी लहानपणी हौदात पडलो होतो म्हणे.’ तेलुगूत हेच काम ‘अट’ करतो (‘नेनु पड्डानट’), कानडीत ‘अंते’. म्हणजे ऐकीव गोष्टीचा शिक्का सोलापूरच्या तिन्ही भाषांत आहे. गोष्ट दहादा ऐकली की तो गळतो, आणि हौदातलं पाणी डोळ्यांपुढं दिसायला लागतं. मानसशास्त्रातल्या संशोधक लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात हेच झालं. २४ जणांना घरच्यांनी पुरवलेल्या तीन खऱ्या गोष्टी दिल्या आणि चौथी बनावट: लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होता. नंतरच्या मुलाखतींत ६ जणांना ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’.

सात रस्ता: १८ जणांना नाही आठवली, हेही लिहा की ओ. आणि हरवणं वेगळं, अत्याचार वेगळा.

कन्ना चौक: मान्य. त्या प्रयोगावरून एखाद्या बाईचा निकाल लावता येत नाही.

रंगभवन: पत्रकात ‘सूचक प्रश्न’ आला असेल तर तिथं फोड करा. कोर्टात त्याचा अर्थ ठरलेला: ज्याच्या पोटातच उत्तर आहे असा प्रश्न. समोरच्या वकिलानं हरकत घेतली तर सरतपासणीत (आपल्याच साक्षीदाराला विचारताना) तो कोर्टाच्या परवानगीशिवाय चालत नाही, उलटतपासणीत (समोरच्याच्या साक्षीदाराला विचारताना) चालतो. बाहेर मात्र ‘सूचक’ म्हटलं की लोकांना सूचक हसू आठवतं. ‘काकांनीच हात लावला ना?’ हा सूचक. ‘काय झालं ते पहिल्यापासून सांगा’ हा नाही.

एका शब्दानंही फरक पडतो. लॉफ्टस-पामर, १९७४: गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून एका गटाला गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती असं विचारलं, दुसऱ्याला ‘जोरात आदळल्या’ अशा धर्तीचं क्रियापद वापरून. आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? पहिल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच.

होटगी रोड: म्हणून लिहून घेणाऱ्यानं उत्तराबरोबर आपला प्रश्नही लिहावा. पहिलं वाक्य तिच्याच शब्दांत. दुभाषी असेल तर ‘अट’, ‘अंते’ गाळायचे नाहीत. केव्हा, कुठं, काय चाललं असताना आठवलं, आधी कुणाला सांगितलं होतं, हेही टिपावं. ‘डोळे मिटा, कल्पना करा’ आणि संमोहन बंद. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानपणीचा अत्याचार उपचाराबाहेर अवचित आठवलेल्यांपैकी ३७ टक्के जणांना बाहेरून दुजोरा मिळाला, कधीच न विसरलेल्यांपैकी ४५ टक्के जणांना, आणि उपचार चालू असताना आठवलेल्यांत एकालाही नाही. दुजोरा न मिळणं म्हणजे घडलं नाही असं नव्हे, हे कंसात टाका.

पार्क चौक: मग ‘उशिरा आठवलेली घटना’?

रंगभवन: ‘घटना’ म्हटलं की घडलीच!

कन्ना चौक: ‘उशिराची आठवण’ करा. येणंही नाही, घटनाही नाही.

पार्क चौक: ठरलं. तेलुगू मजकुरात ‘गुर्तु’ घालू?

कन्ना चौक: नको. ‘गुर्तु’ म्हणजे खूणही; अंगावरच्या खुणेबद्दल विचारताहेत असं वाटायचं. ‘ज्ञापकम्’ घाला.