स्कूटरच्या बॅटरीला अल्ट्राकपॅसिटर जोडावा का?

प्रश्न (आर्वी): बियाण्याची पोती लादून चढावर निघताना माझ्या ४८ व्होल्ट लिथियम स्कूटरचे व्होल्टेज एकदम खाली येते, समांतर अल्ट्राकपॅसिटर (झटपट भरणारा व झटपट वीज देणारा साठा) जोडल्यास उपयोग होईल काय?

उत्तर (वणी): निघतानाचा भार तो उचलेल, पल्ला मात्र वाढणार नाही. २.७ व्होल्ट, ३००० फॅरडच्या (फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) सेलमध्ये जेमतेम ३ वॉट-तास ऊर्जा मावते, आणि पूर्ण चार्ज बॅटरीचे ५४.६ व्होल्ट पेलण्यासाठी असे किमान २१ सेल एकसरीत, तेही सर्व सेलचे व्होल्टेज सारखे राखणाऱ्या बॅलन्सिंग सर्किटसह, लावावे लागतात. शिवाय थेट जोडणीत व्होल्टेज फारसे उतरत नसल्याने त्यातली बरीच ऊर्जा पडूनच राहते.

उत्तर (चिमूर): रिकामा कपॅसिटर जोडताक्षणी शॉर्टसर्किटसारखा प्रवाह ओढतो, म्हणून तो आधी प्रवाह रोखणाऱ्या रेझिस्टरमधून हळूहळू भरून घ्यावा. उष्णतेने त्याचे आयुष्यही घटते, आणि आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. माझ्या मते आधी बॅटरीचे कमकुवत सेल व सैल जोडण्या तपासाव्यात.